रागाचा काही संबंध नव्हता

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की मी डॉक्टर झाले हेही तुला ठाऊक नाही. माणसाच्या आतले फोटो पाहून काय बिघडलंय ते सांगायचं, हे माझं काम. नागपुरात एका मोठ्या हॉस्पिटलात असते, घर बेसाला आहे, बाबा माझ्याकडेच असतात. या थंडीत कामठीहून एक बाई आमच्याकडे उपचाराला आल्या आणि तेव्हापासून तुला लिहायचं मनात होतं.

काटोलच्या आपल्या स्वयंपाकघरात तू वरणात मीठ घालायच्या आधी तुझ्यापुरतं वाटीत काढून ठेवायचीस. आम्हा सगळ्यांची जेवणं होईपर्यंत ती वाटी ओट्यावर गार होत असायची. मी एकदा त्यातलं चाखून तोंड वाकडं केलं, तर तू म्हणालीस, "सवय होते वं." प्रेशरने तुझं डोकं दुखायचं, मान धरायची. कपाळाला ओला पंचा बांधून तू पोळ्या लाटते आहेस, हे मला आत्ताही दिसतं. पंच्याचं पाणी कानामागून ओघळतंय आणि तू ते खांद्याला पुसतेस.

नागपूरच्या डॉक्टरांकडे तुला नेलं, तेव्हा मी सोबत होते. त्यांनी प्रेशर मोजलं आणि तुझ्याकडे न बघता बाबांना सांगितलं, "बाई गोळ्या घेत नाहीत. घेतल्या असत्या तर एवढं राहिलंच नसतं." तू पदर सारखा करत म्हणालीस, "घेतो ना जी. रोज घेतो." ते म्हणाले, "सगळे असंच म्हणतात." परतीच्या बसमध्ये बाबांनी तिकिटं काढली. मग हळूच म्हणाले, "गोळी तं घेते तू, मी पाहतो ना. पण राग लय आहे तुले. त्यानंच चढून राहिलं ते." त्यांच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. ते घाबरले होते, आणि भीतीला काहीतरी कारण हवं होतं.

त्यानंतर तू राग सोडलास. त्याआधी संत्र्याचे व्यापारी आपली बाग पाहायला आले की बोलायला तूच पुढे असायचीस. "बारीक म्हणता का हे फळ? हातात घेऊन पाहा ना जी, मंग बोला." तुझा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा आणि बाबा मागे उभे राहून हसू लपवायचे. पुढच्या बहाराला व्यापारी आले, तेव्हा तू दाराच्या आतच राहिलीस. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काहून वं, बोलत नाही आजकाल?" तू सांगितलंस, "डॉक्टरनं राग सोडाले सांगतला." डॉक्टरांनी तसं सांगितलं नव्हतं. पण तू अगदी मनापासून ते पथ्य पाळलंस. आम्हाला रागावणं बंद केलंस, सणावारी सासरच्या माणसांचं सगळं ऐकून घेऊ लागलीस. मी एकदा शाळेतून भांडून आले, तर म्हणालीस, "जाऊ दे." तू असं कधी म्हणत नव्हतीस.

प्रेशर मात्र उतरलं नाही. एका दुपारी अंगणात कपडे वाळत घालताना तुझा उजवा हात खाली आला आणि वर गेलाच नाही. तू उन्हाळ्यापर्यंत होतीस, पण तुझी वाचा परत आली नाही. डाव्या हाताने माझं मनगट धरून तू काहीतरी सांगू बघायचीस आणि आम्ही अंदाज करायचो. पाणी? उशी? खिडकी उघडू? बहुतेक वेळा आमचं चुकायचं, मग तू डोळे मिटून घ्यायचीस.

कामठीच्या त्या बाईंचं आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेलंय, त्यामुळे त्या साधं बोलल्या तरी वॉर्डभर ऐकू जातं. त्यांचंही प्रेशर गोळ्यांनी उतरत नव्हतं. त्यांची मुलगी मला बाहेर घेऊन म्हणाली, "मॅडम, आईचा स्वभावच तापट आहे. आणि गोळ्या खरंच घेते की नाही, देव जाणे." आम्ही बाईंना भरती केलं. नर्सने रोज समोर उभं राहून गोळ्या दिल्या, तरी प्रेशर वरच राहिलं. इतकी साधी गोष्ट, आई. तुझ्यासाठी ती कोणी केली नाही.

मग त्यांच्यावर एक नवा उपचार करायचं ठरलं. जांघेतून एक बारीक नळी किडनीच्या धमनीपर्यंत न्यायची. त्या धमनीच्या बाहेरून मज्जातंतूंचं जाळं असतं. काही माणसांत ते गरजेपेक्षा जास्त चेतलेलं असतं आणि प्रेशर खाली येऊच देत नाही. नळीच्या टोकाने आतून जागोजागी उष्णता देऊन त्याला शांत करायचं. अडचण अशी, की हे तंतू आमच्या कुठल्याच फोटोत दिसत नाहीत. एक्स-रेत धमनीची नुसती पोकळी दिसते. सीटीत आजूबाजूचं सगळं दिसतं, पण ते आधी काढलेलं असतं आणि किडनी तर श्वासागणिक हलते. धमनीच्या आतून सोनोग्राफी केली, की भिंत दिसते, तिच्यामागची चरबी दिसते, खेटून गेलेली शीर दिसते. ती शीर उष्णता पळवून नेते. ही सगळी चित्रं एकमेकांवर बसवायची आणि तंतू कुठे जवळ असतील याचा अंदाज बांधायचा, एवढंच मी करते. नळी हातात असलेले डॉक्टर विचारत होते, "इथे?" आणि मी पडद्यावर बघून सांगत होते, "थोडं पुढे. इथे शीर आहे." गुंगीत बाई कण्हल्या, तेव्हा मी पडद्यावरची नजर काढून आधी त्यांच्याकडे पाहिलं.

नंतर मुलीला बसवून सांगितलं, की आई गोळ्या घेत होती आणि स्वभावाने हे झालं नव्हतं. ती म्हणाली, "आम्ही तर तिला बोलूच देत नव्हतो, मॅडम." मी तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार होते?

परवा बाई तपासणीला आल्या. प्रेशर बरंच उतरलंय. गोळ्या सुटल्या नाहीत, पण कमी झाल्या. मी खोलीत होते आणि बाहेरून आवाज आला, "माह्या मागून आलेली बाई आत गेली कशी? काहून जी, आम्ही दिसत नाही का तुमाले?" काउंटरवरचा माणूस समजावत होता, त्या ऐकत नव्हत्या. मुलगी शेजारी उभी होती, तिने त्यांना अडवलं नाही. मी दार थोडं उघडून उभी राहिले आणि त्यांचं भांडण संपेपर्यंत पुढच्या पेशंटला बोलावलं नाही.

तुला या उपचाराचा गुण आला असता का, ते मला सांगता येणार नाही. सगळ्यांना येतो असं नाही. तुझ्या आतलं एकही चित्र कोणी काढून ठेवलं नाही, त्यामुळे आता बघण्यासारखंही काही नाही. बाबांना मी या बाईंबद्दल सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे रागाचं काही नव्हतं का?" मी म्हटलं, "नव्हतं, बाबा." ते उठून गॅलरीत गेले आणि जेवायला हाक मारेपर्यंत आत आले नाहीत.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून ठेवते. मागच्या महिन्यात मी माझं प्रेशर मोजलं. वाढलेलं आहे, गोळी सुरू केली आहे. घरी कोणाला बोलले नाही. बाबांना कळलं तर एवढं सगळं ऐकूनही ते सवयीने म्हणतील, राग कमी कर, आणि ते मला त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकवणार नाही.