कुरव, बोंबील आणि तुमची लेन्स

बोईसर, मंगळवार

आदरणीय नामदेवकाकांस,

विपुलचा वाकून नमस्कार. काकूंचा गुडघा बरा असेल आणि मासवणला थंडी पडल्यामुळे तुम्ही ती तपकिरी माकडटोपी बाहेर काढली असेल, असे धरून चालतो. इकडे मी हातापायांनी धड आहे. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही तिसऱ्या वाक्याला ‘लेन्स कशी आहे?’ असे विचारता आणि मूळ विषय राहून जातो. मूळ विषय असा, की मी अजून हादरलेलो आहे.

पालघरच्या तुमच्या प्रदर्शनाला उडत्या कुरवाचा, त्या पांढऱ्या समुद्रपक्ष्याचा, एक तरी फोटो माझ्याकडून हवा होता. त्यासाठी आयुष्यभर चित्रकला शिकवून निवृत्तीनंतर घेतलेली, काकूंनाही हात लावू न दिलेली लेन्स तुम्ही पुतण्याच्या हवाली केलीत, हे मी विसरलेलो नाही. गेल्या बुधवारी माझी दुसरी पाळी होती, सकाळ मोकळी होती, म्हणून चिंचणीचा किनारा गाठला. तुमचे धडे पाठ होते. सूर्य पाठीशी, वाराही पाठीशी. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतो, म्हणजे उडाला की आपल्याकडेच येतो. कॅमेरा पक्ष्याच्या वेगाने फिरवायचा आणि बटण दाबल्यावरही फिरवणे थांबवायचे नाही. आणि चौथा नियम, जो तुम्ही बोट नाचवून सांगितला होतात: चौकटीत माणसाची एकही वस्तू दिसता कामा नये.

हा चौथा नियम चिंचणीला पाळणे फार अवघड. समोर समुद्र, आणि मधे बांबूंची लांबलचक वलांडी, तिच्यावर जबड्यात जबडा अडकवून सुकत घातलेले बोंबील. ते एक वेळ चालले असते. पण वलांडीवरून जुन्या सीडींची एक लांब माळ सोडलेली होती. वाऱ्यावर ती गरगर फिरे आणि उजेड थेट लेन्समध्ये मारी. (एकीवर ‘जमना, हळद, भाग २’ असे लिहिलेले मी वाचलेही होते.) पक्षी दूर होड्यांवर बसून होते. मी ती माळ पाच मिनिटांपुरती उतरवली, नीट गुंडाळून वाळूत ठेवली आणि मागे येऊन उभा राहिलो. ती माळ तिथे का लावली असेल, हा प्रश्न मला पडला नाही. कारखान्यात माल तपासून नापास करण्याचा मला पगार मिळतो, हे आठवून आता लाज वाटते.

काका, मग जे आले ते मी जन्मात पाहिलेले नाही. कुरव, घारी, कावळे, सगळी बिरादरी. तुमचा नियम इतका खरा निघेल असे वाटले नव्हते: प्रत्येक पक्षी बोंबील उचलून वाऱ्याकडे तोंड करून थेट माझ्याच अंगावर आला. मीही शिकवल्याप्रमाणे थांबलो नाही. सहाशे चाळीस फोटो झाले. सहाशेंत आकाश आहे, उरलेल्यांत शेपट्या. दोन-तीन ठिकाणी बोंबील स्पष्ट आला आहे. तो माणसाची वस्तू धरायचा का, हे तुम्ही ठरवा.

मागे वळून पाहिले तर जमनाबाई उभ्या. वलांडी त्यांची, हळदही त्यांचीच. त्या ओरडतील म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. रिकाम्या बांबूवरून त्यांनी नुसता हात फिरवला. तीन दिवसांचे ऊन खाल्लेला माल होता तो. मला फार वाईट वाटले, काका, इतके की तिथेच वाळूत बसलो. मग त्यांनी शांतपणे विचारले, “तुला कोनी सांगला ती सीडींची माल काडाला?” आणि मी खरे तेच सांगितले.

तेव्हापासून पाच सकाळी, भरपाई म्हणून, मी हातात काठी घेऊन पक्षी हाकत होतो. जमनाबाई शेजारी जाळे विणत. एकदा म्हणाल्या, “उडालेल्याला काय बगतंस? बसलेला बग. चोच वाऱ्याला फिरवली, अंग दाबला, का समज गेला.” मी मोजून पाहिले, दहापैकी दहा वेळा खरे. माझ्या दोन्ही हातांत काठी होती, एवढीच अडचण.

असो. प्रदर्शनासाठी एक फोटो पाकिटात घातला आहे. डोळा, चोच, पंखाचे एकेक पीस पाहून तुम्ही खुर्चीतून उठाल. काकूंना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
विपुल

ता. क. फोटो माझा नाही. काच फुटलेल्या मोबाईलवर, जाळे मांडीवर ठेवून, एका हाताने जमनाबाईंनी काढला आहे. एकच काढला. खाली नाव त्यांचे लिहावे.

ता. क. लेन्स सुखरूप आहे. जमनाबाईंच्या घरी, सुक्या बोंबलांच्या डब्यात. झाकण घट्ट आहे, तेव्हा दमट हवेने बुरशी येईल ही तुमची नेहमीची काळजी नको. वासाबद्दल मात्र मी काही बोलत नाही.

ता. क. त्या म्हणतात, “ज्यानी सांगला, तो येवंदे. त्याच्या हातात देन.” माझ्या पाच सकाळी काल भरल्या, तुमच्या पाच येत्या सोमवारपासून. काठी वलांडीला टेकवून ठेवली आहे, माकडटोपी आणावी. पक्ष्यांमागे धावताना तुमचा एक फोटो काढायचे जमनाबाईंनी कबूल केले आहे. चौकटीत माणूस येईल, तेवढे चालवून घ्यावे.