टेबलाची थरथर

सोमवार, ४ मार्च
थरथरतंय! नव्या मशीनचं सरकतं टेबल जागेवर येतं आणि उभ्या उभ्या थरथरतं. साहेबांनी निक्षून सांगितलंय — शुक्रवारपर्यंत ते पाच मायक्रॉनच्या, म्हणजे पाच हजारांश मिलिमीटरच्या, आत थांबलं पाहिजे, नाहीतर बाहेरचा तज्ज्ञ येणार. म्हणजे माझी छुट्टी! मोठ्या तोंडाने मीच म्हटलं होतं, "मी करते."

तसं साधं आहे. सर्व्हो मोटर टेबल सरकवते, टेबलावरची मापपट्टी सांगते नक्की कुठे पोचलं, ड्राइव्ह फरक बघून पुन्हा मोटर फिरवतो. सेकंदाला हजारो वेळा. गेन, म्हणजे या दुरुस्तीचा जोर, वाढवला की थरथर, कमी केला की टेबल रेंगाळतं. दिवसभर हेच.

मंगळवार, ५ मार्च
बाबा स्टोअरमधून मुद्दाम आले. टेबलावर तळहात ठेवून उभे राहिले. "आधी हाताने बघ गं. आकडे नंतर." मी फाडकन म्हटलं, "बाबा, ते दिवस गेले!" सगळ्यांसमोर. ते परत स्टोअरमध्ये गेले.

चाळीस वर्षं फिटर. आता हात कापतो त्यांचा. त्यांना पाने देऊ नका, स्टोअरमध्ये बसवा, असं साहेबांना मीच सांगितलं होतं. त्यांच्या काळजीपोटीच. बाबांना हे माहीत नाही. बहुतेक.

बुधवार, ६ मार्च
सकाळी ड्राइव्हच्या प्रोग्रॅममध्ये थरथर गाळणारा नवा फिल्टर टाकला. जेवायला गेले तर डबा घरीच राहिलेला! परत आले तर बाबा मशीनपाशी, फडक्याने हात पुसत. "आईने तुझा डबा माझ्याकडे दिला होता. बाकावर ठेवलाय."

दुपारी गेन वाढवला. थरथर नाही. आणखी वाढवला. नाही!! चार मायक्रॉन. मग तीन! पन्नास वेळा टेबल पाठवलं, पन्नास वेळा तीन. फिल्टर लागू पडला. मी नाचले, अक्षरशः. ऑपरेटर म्हणाला, "ताई, पडाल!"

गुरुवार, ७ मार्च
साहेबांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. "बाहेरचा माणूस कशाला हवा? घरचीच आहे की!" मी आपली उगाच खाली बघत होते, पण आतून फुगले होते. का फुगू नये? तीन दिवस डोकं फोडलंय.

बाबा मागे उभे होते. "छान थांबतंय," एवढंच. घरी आईला मात्र तीनदा सांगितलं — "आपल्या पोरीने केलं."

शुक्रवार, ८ मार्च
मशीन गिऱ्हाइकाकडे पाठवण्याआधी मोटरचं झाकण उघडलं. मोटर आणि टेबल सरकवणारा स्क्रू यांना जोडणाऱ्या कपलिंगच्या बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ. ताजी. बाबा बोल्ट आवळला की अशी रेघ ओढतात, म्हणजे पुढे ढिला झाला तर लगेच कळतं. जन्मभराची सवय. माझ्या सायकलच्या नटांवरसुद्धा होत्या.

ही रेघ नागमोडी आहे. कापत्या हाताची.

माझा फिल्टर काढून पाहिला. तरीही तीन मायक्रॉन! पाना लावून पाहिला. बोल्ट तसूभर हलला नाही.

तशीच साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, "माझी मोठी चूक झालीय." साहेब दचकले — "मशीनमध्ये?"

"नाही. बाबांना त्यांचे पाने परत द्या."