खंड्याचा न काढलेला फोटो

रविवार, संध्याकाळ

विलास आज पहिल्यांदा माझ्याबरोबर पक्षी बघायला आला. नवऱ्याची बदली म्हणून आम्ही कोलकात्यात आल्यापासून मी एकटीच जातेय. काल म्हणाला, "एकच रविवार देतो. कंटाळलो, तर पुढच्या वेळी मी आणि माझी झोप." म्हणजे आज परीक्षा माझीच.

सॉल्ट लेकच्या बागेत तळ्याकाठी बसलो. बराच वेळ साधा कावळासुद्धा फिरकला नाही. विलास जांभया द्यायला लागला. आणि मग समोरच्या वाळक्या फांदीवर खंड्या येऊन बसला, चोचीत मासा! कॅमेरा उचलला, तर आत कार्डच नाही. काल फोटो उतरवताना लॅपटॉपमध्येच राहिलं. इतकी वर्षं वर्तमानपत्राला वेळेवर मजकूर देणारी मी, आणि हे?

वैतागून दुर्बीण विलासच्या हातात दिली. खंड्या मासा फांदीवर दाणदाण आपटत होता.

"अगं, हा तर धोबी आहे!" विलास कुजबुजला. मग दुर्बीण परत देईचना. मागितली, तर म्हणे, "थांब गं, गिळतोय."

फोटो हुकल्याची चुटपुट अजून आहे. ती वाळकी फांदी, तो मासा, कोवळं ऊन... असं पुन्हा कधी जुळून येणार?

पण दुपारी जेवताना विलासने आमटीतली शेवग्याची शेंग ताटाच्या काठावर आपटून दाखवली, अगदी खंड्यासारखी. टेबलभर शिंतोडे. वर मलाच म्हणाला, "पुढच्या रविवारी कार्ड आठवणीने घे. दुर्बीण मी घेतोय."