पाच कोनांची फरशी

४ जानेवारी
मदरशात गणित शिकवायला रुजू झालो. सध्या तात्पुरता. महिनाअखेरीस विश्वस्त माझा तास बघणार आणि गणितप्रमुख म्हणून कायम करणार. निव्वळ औपचारिकता. बायकोला सांगितलं, झालोच समज. ती म्हणाली, मागच्या तीन शाळांतही झालाच होतात.

५ जानेवारी
आठवीच्या मुली. तर्क वगैरे यांच्या गावीही नाही. शेजारच्या वर्गात कुरआनच्या बाई. घोकंपट्टीचा कारखाना नुसता. बाईंनी चहा विचारला. नको म्हटलं. अंतर राखलेलं बरं.

९ जानेवारी
वैताग. काहीही सांगा, पुढच्या बाकावरची चष्मेवाली विचारते, "सर, दलील?" म्हणजे पुरावा काय. बाईंनी लावलेली खोड. त्यांच्या तासाला म्हणे प्रत्येक अर्थाला आधार द्यावा लागतो. मी म्हटलं, मी एम.एस्सी. आहे, हीच दलील. तिने वहीत काहीतरी खरडलंन.

१३ जानेवारी
सुचलं! मुलींच्या संस्कृतीतूनच गणित! नमाज पाच वेळा, म्हणून फरशी पाच कोनांची. पंचकोनांनी अख्खी जमीन भरायची, मध्ये फट नाही. विश्वस्त गहिवरणार. मुख्याध्यापकांना कल्पना आवडली. निदान हसले तरी.

१८ जानेवारी
पुठ्ठ्याचे दोनशे पंचकोन कापले. अंगठ्याला फोड. बायकोने विचारलं, आधी तीन-चार जोडून बघितलेत का. हिला काय कळतंय गणितातलं.

२२ जानेवारी
चष्मेवाली म्हणते, बसणार नाहीत. पंचकोनाचे तीन त्रिकोण केले तिने. पाचशे चाळीस भागिले पाच, म्हणजे कोन एकशे आठचा. तीन जोडले की छत्तीस अंशांची फट, चौथा मावत नाही. भारीच आगाऊ कार्टी. खरा दोष बोथट कात्रीचा. नवी आणली.

२९ जानेवारी, दुपार
तास झाला. तीन ठेवले, फट. चौथा दाबून बसवला, तर बाकीचे वर आले. मी म्हटलं, पुठ्ठा दमट आहे.

म्हातारे विश्वस्त म्हणाले, "दलील?"

चष्मेवालीने उठून फळ्यावर सगळं मांडलं. मागच्या दोघींनी माझ्याच पंचकोनांतून षटकोन कापले आणि टेबल भरून दाखवलं. विश्वस्तांनी विचारलं, असा विचार करायला कोणी शिकवलं. मी घसा खाकरला. सगळ्या वर्गाने शेजारच्या वर्गाच्या भिंतीकडे बोट केलं.

३० जानेवारी
पत्र आलं. गणितप्रमुख कुरआनच्या बाई. मी हस्तकला शिक्षक, कायम.

बायकोला एवढंच सांगितलं की कायम झालो. आधी तिचा विश्वासच बसेना. मग माझा हात घट्ट धरला. मला रडूच आलं. तिला वाटलं, आनंदाने.