मेस्त्री, मिस्त्री नव्हे

मंगळवार, २२ जुलै

शेजारच्या नाडकर्णींनी चाळीच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले आहे की, मी पत्नीला अर्धा तास न्हाणीघरात कोंडून ठेवले. हे असत्य आहे. दार दमट हवेने फुगून अडकले होते आणि अवधी वीस मिनिटांचा होता.

भोईवाड्यातला सुतार आला, तेव्हा नाडकर्णी जिन्यातूनच ओरडले, "मिस्त्री, लवकर या!" मराठीत तो शब्द 'मेस्त्री'. पोर्तुगीजमधून आलेला, अर्थ गुरू, उस्ताद. जन्मभर शाळेत मराठी शिकवल्यावर गप्प कसे राहावे? मी समजावू लागलो. मेस्त्रींनी पटाशी खाली ठेवली.

"आनी मास्तर?" त्यांनी विचारले.

"तो इंग्रजीतून. मात्र दोहोंचे मूळ एकच, लॅटिन."

"म्हंजे मास्तरानु, तुमी आनी मी भाव-भाव!"

तेवढ्यात आतून ही म्हणाली, "अहो, भावाभावांची भेट झाली असेल तर दार उघडा!"

वीस मिनिटेच. पण सुटल्यापासून ही माझ्याशी बोललेली नाही. नाडकर्णींना मात्र म्हणाली, "गेल्या दिवाळीपासून यांना सांगतेय, दार तासून घ्या." तेही गटावर आले. पुढील दुरुस्त्या मी गटावर पाठवणार नाही; परंतु निदान वहीत तरी चूक राहू नये.

दार अडकले: आज दुपारी. नाडकर्णी लिहितात तसे सकाळी नव्हे.

हिने प्रथम सांगितले: गेल्या दिवाळीत नव्हे, त्याच्या आदल्या गणपतीत.

मी "उद्याच बोलावतो" म्हणालो: त्याच दिवशी, आणि त्यानंतरच्या प्रत्येक सणाला.