जिंतूरच्या तीन रिकाम्या फेऱ्या

चुडाव्याच्या सौ. विहीणबाई चांगुणाबाई यांना धुरपताबाईचा वाकून नमस्कार (कंबर धरलीय, तरी वाकलेय). तुमच्या गुडघ्याचं कसं हाय? इवाईबुवांचा खोकला थांबला का? आमच्याकडं समदे बरे हायेत, निकिताला नववा सरत आलाय. फोन सोडून पत्र का लिहायलीय म्हणाल, तर फोनवर तुमी बोलायला लागलात की मला जागा सापडत न्हाई. शेजारचा सिताराम चुडाव्याला चाललाच हाय, त्याच्या हाती देतेय.

परवाच्या फजितीबद्दल आधी माफी मागते, मग ती झाली कशी ते सांगते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तुमी सून आमच्याकडं धाडली. मी चार बाळंतपणं झालेली बाई. गावची आशाताई सुकेशनी निकिताला समजावून सांगायली होती, की कळ आली की घड्याळ बघायचं. खऱ्या कळा नेमानं येतात, जवळजवळ येत जातात, जोर धरतात, चाललं-बसलं तरी हटत न्हाईत. खोट्या मनाला येईल तशा येतात, अन् पाणी पिऊन कूस बदलली की बहुतेक निघून जातात. मी म्हणलं, बाई, आमी चार लेकरं काय घड्याळ बघून जन्माला घातली? मला पोरीच्या तोंडावरून कळतं. (सुकेशनीला अजून लेकरू न्हाई, म्हणून मुद्दाम बोलले. वाईट बोलले.)

तर तोंडावरून मला दोनदा कळलं. पहिल्यांदा काळीपिवळी जीप करून जिंतूरच्या दवाखान्याला निघालो, अन् जिंतूर येईस्तोवर पोरगी भेळ मागायली. दुसऱ्यांदा डॉक्टरीणबाईंनी तपासलं अन् म्हणल्या, वेळ हाय, जरा फिरवा. फिरवली तर कळा गायब. तिसऱ्यांदा तिला ठेवून घेतलं, अन् तिथंच घात झाला. आमचे हे, म्हंजे निकिताचे वडील, बाहेर बाकावर बसलेले. आतून लेकरू रडल्याचं ऐकलं, अन् माणूस उठला तो थेट मिठाईच्या दुकानात. मुलगा का मुलगी इचारायला दम न्हाई, म्हणून पेढे बी घेतले अन् जिलेबी बी, अन् अख्ख्या बसस्टँडात वाटत सुटले. त्यात तुमच्या चुडाव्याचे दोघं निघाले. लेकरू होतं दुसऱ्याच बाईचं; निकिताच्या कळा रातीतून थांबल्या, अन् सकाळी तिला घरी धाडलं. ह्यांनी तिच्या नवऱ्याला बी पेढा दिला, अन् त्या भल्या माणसानं ह्यांनाच 'मुबारक' म्हणलं.

पुढचं तुमाला माहीत हाय. दुसऱ्या दिवशी तुमी अकरा माणसं, झबली-टोपडी, खारीक-खोबरं अन् पाळण्याच्या दोऱ्या घेऊन आमच्या दारात, अन् सून अंगणात पाय पसरून सुपात डाळ निवडायली. तुमी हसलात, मी बी हसले. मग वट्यावर बसून तुमी म्हणलात, की आमच्या येळेला बाया खुरपं खाली ठेवून बाळंत व्हायच्या, आजकालच्या पोरींना सोंगाच्याच कळा लय. अकराच्या अकरा माणसं हसली. जावईबापू योगीराज तेवढे हसले न्हाईत, पण त्यांच्या तोंडात घास होता. तुमचं बरोबरच असल. तुमी जाणत्या. तुमचं कधी काही चुकलंय असं मी ऐकलेलं न्हाई (निदान तुमच्या तोंडून तरी).

बाकी समदं ठीक. थोरांना नमस्कार, लहानांच्या गालाला हात लावा.

तुमची विहीण,
धुरपताबाई

ता. क. झबली घडी करून पेटीत ठेवलीत. एक टोपडं लय मोठं झालंय, ते इवाईबुवांना बसल.

आणखी ता. क. खरं सांगायचं ते अजून सांगितलंच न्हाई. तुमी गेल्यापासून निकिता कळ आली तरी सांगत न्हाई. काल सकाळी भाकरी थापता थापता तिचा हात परातीत तसाच थांबला अन् ओठ दाताखाली गेला. इचारलं तर म्हणली, काय न्हाई आई, सोंग असल. ती कळ आपसूक गेली म्हणून बरं. आता मी घड्याळ समोर ठेवून दिवसभर तिच्या तोंडाकडं बघत बसते, अन् ती माझ्याकडं पाठ करून बसती. माझी थोरली बहीण कोकिळा अशीच होती. दोनदा खोटं निघालं, सासरचे हसले, तिसऱ्यांदा ती बोललीच न्हाई. दुखणं गिळत सांजपर्यंत कापूस येचला. ती बी गेली अन् लेकरू बी गेलं. मला भ्या वाटायलंय, विहीणबाई. जिंतूरला अजून दहा फेऱ्या झाल्या तरी चालतील, हसणाऱ्यांनी हसावं. तुमी तिला एक फोन करा. म्हणा, पोरी, दुखलं की सांग, खोटं निघालं तरी सांग. मी रोजच सांगते, पण मी पडले आई, मी तसं म्हणणारच. तुमी म्हणलात तर ती ऐकल, कारण ती तुमाला भिती.