हॅस्ब्रूक मैदानाबाहेर का गेला?

मी, डॉ. उपेंद्र वासुदेव रेगे, वय एकाहत्तर, निवृत्त प्राध्यापक, राहणार अल कुसैस, दुबई, हे मृत्युपत्र स्वेच्छेने करीत आहे. माझ्या हृदयाविषयी डॉक्टरांचे मत ग्राह्य धरावे, बुद्धीविषयी माझे.

१. रत्नागिरीची सदनिका व बँकेतील ठेवी कन्या अपर्णा हिला. पुस्तकेही तिलाच; ती विषयवार लावलेली आहेत, जावईबापूंनी उंचीनुसार लावू नयेत. इथल्या ऊद मेथा भागातील ज्या मंडळाने माझे अमेरिकन फुटबॉलवरील व्याख्यान ‘रग्बीचा इतिहास’ म्हणून जाहीर केले, त्यास एकही पुस्तक देऊ नये.

२. खोर फक्कान बंदरात बेवारस मालाच्या लिलावात घेतलेले चामडी शिरस्त्राण नात मिहिका हिला. आत ‘ई. हॅस्ब्रूक’ असे नाव आहे. हा कोण, एवढ्या कुतूहलापायी मी अठरा वर्षे जुनी अमेरिकन वृत्तपत्रे चाळली. एल्मर हॅस्ब्रूक हा पैसे घेऊन अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या पहिल्या पिढीतला. खेळाडू आणि त्याच संघाचा प्रशिक्षकही. मैदानाबाहेरून सूचना देणे तेव्हा नियमबाह्य होते, म्हणून तो आत राहूनच संघ हाकत असे. मात्र १९२६च्या अखेरच्या सामन्यात, निकाल अधांतरी असताना, तो धडधाकट माणूस आपण होऊन बाहेर जाऊन बसला. संघ जिंकला. तो पुन्हा कधी खेळला नाही. कारण कोणीही लिहिलेले नाही.

३. माझ्या हातून अपूर्ण राहिलेले त्याचे चरित्र मिहिकेने पूर्ण करावे. अट: ‘लपवलेली दुखापत’ हेच कारण द्यावे व ‘हॅस्ब्रूक मैदानाबाहेर का गेला?’ हे शीर्षक बदलू नये.

हे कलम मी वाचून दाखवताच मिहिका म्हणाली, “आजोबा, दॅट्स कोचिंग फ्रॉम द साइडलाइन. फाउल!”

शेजारी नूरुद्दीन हसले. “सर, गेल्यावरपण शिट्टी तुमच्याच तोंडात? खलास, पुरे करा आता!”

“तुझ्या मते तो का गेला?” मी तिला विचारले.

“टु सी इफ दे कुड प्ले विदाउट हिम. ही वॉज जस्ट क्युरियस.”

“पुरावा?”

“नन. यू डोन्ट हॅव एनी आयदर.”

हे खरे आहे. सबब कलम ३ मधील अट याद्वारे रद्द. चरित्र, शीर्षक व कारण, तिन्ही मिहिकेच्या स्वाधीन. तिला काय सापडले ते मला कळणार नाही, याची मात्र मला अतोनात हळहळ आहे.

४. तळटिपांच्या बाबतीत मिहिकेने
(हे कलम मी स्वतः येथेच थांबवले आहे. उ. वा. रे.)

साक्षीदार: नूरुद्दीन परकार, खतीजा परकार
दोघांनी माझ्यासमक्ष व मी त्यांच्यासमक्ष सही केली.

(सही) उपेंद्र वासुदेव रेगे
अल कुसैस, दुबई
१४ नोव्हेंबर २०२५